‘कव्हर’ केलेला महाराष्ट्र

मंडळी, बऱ्याच दिवसांनी टंकायला बसलोय. विकांत आहे, सकाळचा चहा झालाय, आणि डोक्यात चार दिवसांपासून एक वाक्य अडकून बसलंय. ते इथे ओतून टाकल्याशिवाय काही खरं नाही.

झालं असं, की परवा हापिसात जेवणाच्या टेबलावर एक मित्र सांगत होता, "यंदा राजस्थान कव्हर केला. आई-बाबांना मस्त फिरवून आणलं. आठ दिवसांत अकरा ठिकाणं! पुढच्या वर्षी म्हणतोय आपला महाराष्ट्रच उरकून टाकू. एका आठवड्यात होईल ना रे?" मी सहज विचारलं, यादीत काय काय आहे? मुंबई, लोणावळा, महाबळेश्वर, कोल्हापूर, गणपतीपुळे, शिर्डी, वेरूळ-अजिंठा. "आणि विदर्भ?" तर म्हणे, "ताडोबा आहे की, पण ते वाघाचं वेगळं करू. बाकी तुमच्याकडे अजून काय आहे रे पाहण्यासारखं?"

मी तेव्हा हसलो आणि वरण-भात संपवला. भांडायला सुचतं ते नेहमी दोन तासांनी, हे तुम्हालाही माहीत असेलच. म्हणून आज भांडतोय. (ज्याने हे वाक्य टाकलं तो हे वाचणार आहे. लेका, ह. घ्या.)

माझी तक्रार दोन क्रियापदांबद्दल आहे. पहिलं ‘कव्हर करणे’, दुसरं ‘फिरवून आणणे’.

‘कव्हर’ हा आपला हापिसातला शब्द. टेस्ट केसेस कव्हर करायच्या असतात, मीटिंगमध्ये मुद्दे कव्हर करायचे असतात. कव्हर झालं म्हणजे यादीवर टिक लागली, परत बघायची गरज नाही. हा शब्द आपण सुट्टीला कधी लावायला लागलो? महाराष्ट्राचं क्षेत्रफळ ३ लाख ७ हजार चौरस किलोमीटरच्या वर आहे, म्हणजे अख्ख्या इटलीपेक्षा थोडं जास्तच. ३६ जिल्हे. तो एका आठवड्यात ‘होतो’? आपणच युरोपच्या ‘आठ दिवस सात देश’वाल्या पॅकेजांना हसतो आणि स्वतःच्या राज्याला बरोब्बर तेच करतो.

आणि ‘फिरवून आणणे’. गाडी फिरवून आणतात. कुत्र्याला फिरवून आणतात. आई-बाप काय सामान आहेत का, की डिकीत घातले, अकरा ठिकाणी दाखवले आणि परत आणून ठेवले? या क्रियापदात जाणारा माणूस कर्म आहे, कर्ता नाही. शाळेतलं व्याकरण आठवा. कर्ता तो, ज्याच्या मांडीवर लॅपटॉप आहे.

आता तुम्ही म्हणाल, मोठा आलाय शिकवणारा. म्हणून आधी माझं पाप कबूल करतो.

मी मूळचा हिवरखेडचा. अकोला जिल्हा, तेल्हारा तालुका, सातपुड्याच्या पायथ्याचं मोठं गाव. इंजिनिअरिंगनंतर पुण्यात आलो आणि इथलाच झालो. गेल्या वर्षी जानेवारीत ठरवलं, की आई-बाबांना ‘महाराष्ट्र दाखवायचा’. रीतसर एक्सेल शीट केली. प्रत्येक रकान्यात वेळ, किलोमीटर, हॉटेल, रेटिंग. सात दिवस, बारा ठिकाणं. रंगीत केली होती हो! कंडिशनल फॉर्मॅटिंग वगैरे. अभिमानाने फॅमिली ग्रुपवर टाकली. बाबांनी अंगठा पाठवला. मी समजलो, साइन-ऑफ मिळाला.

आई-बाबा रात्रभर रेल्वेने अकोल्याहून पुण्याला आले. आल्या आल्या दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला गाडीत बसवले, कारण शीटमध्ये पाच लिहिलं होतं. शनिशिंगणापूर, शिर्डी, मग छत्रपती संभाजीनगर. (आमच्या तोंडी अजून औरंगाबादच येतं. नाव २०२३ मध्ये बदललं, जिभेला वेळ लागतोय.) तिसऱ्या दिवशी सकाळी वेरूळला पोचलो. बरोब्बर वेळेत, एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही. आणि लेणी बंद.

मंगळवार होता. वेरूळ मंगळवारी बंद असतं, अजिंठा सोमवारी. ही माहिती शोधायला दहा सेकंदसुद्धा लागत नाहीत. मी अंतरं मोजली, हॉटेलच्या नाश्त्याचे रिव्ह्यू वाचले, आणि ज्यासाठी चाललो होतो ते उघडं आहे की नाही हेच पाहिलं नाही. मी गेटवर सुन्न उभा. आई म्हणाली, "चाल बाबू, घृष्णेश्वराले जाऊ. देवाचं तं उघडं हाय." आणि आम्ही गेलो. तिच्या चेहऱ्यावर रागबिग काही नव्हता, हेच जास्त लागलं. तिला वेरूळची अपेक्षाच नव्हती. पोरगा नेतो आहे तिथे जायचं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी अजिंठा. तिथे फर्दापूरच्या फाट्यावर आपली गाडी सोडावी लागते, मग बसने वर, मग पायऱ्या. बाबांचे गुडघे गेलेत. डोलीवाले होते, पण बाबा डोलीत बसायला तयार होईनात. "माणसाच्या खांद्यावर एकदाच जातात," म्हणाले. ते खाली झाडाखाली बसले. मी आणि आई वर धावतपळत चार लेणी पाहून आलो, कारण शीटमध्ये दोन तास होते. खाली आलो तर बाबा एका गाडीवाल्याशी गप्पा मारत बसलेले. गाडीत बसल्यावर सहज म्हणाले, "बाबू, हे अजिंठा तं आपल्या घरून जवळ हाय ना? बुलढाण्यावरून."

मंडळी, मी मोबाईलवर पाहिलं. पुण्याहून अजिंठा जेवढं दूर, त्याच्या साधारण निम्म्यावर ते हिवरखेडहून आहे. म्हणजे साठी ओलांडलेल्या दोन माणसांना मी रात्रभर रेल्वेने पुण्याला आणलं, आणि मग त्यांच्याच घराच्या दिशेने अर्धं अंतर परत नेलं. का? कारण माझ्या डोक्यात महाराष्ट्र पुण्यापासून सुरू होतो. नकाशाचा शून्य बिंदू मी बसतो ती खुर्ची.

हा माझ्या भांडणाचा खरा मुद्दा आहे. ‘तुमच्याकडे काय आहे पाहण्यासारखं’ हे आधी मुंबई-पुण्याने म्हणायला सुरुवात केली असेल, पण आता आम्ही वऱ्हाडीही तेच म्हणतो. मी स्वतः म्हणत होतो. त्याचा पुरावा देतो.

तीन वर्षांपूर्वी कंपनीने ऑनसाइट पाठवलं होतं, ब्रुसेल्सला. तिथल्या एका रविवारी मी वॉटर्लूला गेलो. १८ जून १८१५, नेपोलियन हरला ती लढाई. तिथे मातीची एक प्रचंड टेकडी केली आहे, वर सिंहाचा पुतळा. २२६ पायऱ्या चढलो, फोटो काढले, तिकिटाचे युरो मोजले. वर उभं राहून शेतं पाहिली. साधी शेतं! पण काय शहारे आले महाराजा. जिंकणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, म्हणजे आर्थर वेलस्ली. संध्याकाळी खोलीवर येऊन त्याच्याबद्दल वाचत बसलो तर त्यात भारतातल्या लढाया. असई, २३ सप्टेंबर १८०३. ते शाळेत वाचलेलं. आणि त्याखाली ‘आर्गॉम’, २९ नोव्हेंबर १८०३. हे काय नवीन, म्हणून नकाशा उघडला.

आर्गॉम म्हणजे अडगाव. आमचं अडगाव! हिवरखेडहून अकोटला जाताना लागतं ते. मी अकरावी-बारावीची दोन वर्षं रोज त्यावरून एसटीने गेलो. अडगाव आणि सिरसोलीच्या मधल्या सपाट रानात नागपूरकर भोसल्यांची फौज आणि शिंद्यांचं घोडदळ एका बाजूला, वेलस्ली दुसऱ्या बाजूला. दोन आठवड्यांनी, १५ डिसेंबरला, त्याने चिखलदऱ्याजवळचा गाविलगड घेतला. १७ डिसेंबरला देवगावला भोसल्यांशी तह झाला आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचं वऱ्हाड त्यांच्या हातून गेलं. ३० डिसेंबरला सुर्जी-अंजनगावला शिंद्यांचा तह. म्हणजे अडगाव, अकोट, अंजनगाव, परतवाडा, चिखलदरा या एका रस्त्यावर एका महिन्यात मराठी सत्तेचं काय झालं ते सगळं घडलं. तो रस्ता माझ्या घरासमोरून सुरू होतो. आणि मी ते वाचलं कुठे, तर बेल्जियममध्ये, वॉटर्लूचं तिकीट काढून आल्यावर!

आता सांगा, चूक कोणाची? पर्यटन खात्याची? असेल. पाठ्यपुस्तकाची? तीही असेल. पण दोन वर्षं खिडकीत बसून मी बाहेर पाहिलं नाही त्याचं काय? मला पक्कं माहीत होतं, की बाहेर काही नाहीये.

तर वेरूळच्या फजितीनंतर मी ठरवलं, पुढची सहल वऱ्हाडातच. आणि साहजिकच परत शीट उघडली. सवय वाईट. नरनाळा, चिखलदरा, लोणार, सिंदखेडराजा, शेगाव, बाळापूर, रिद्धपूर, मुक्तागिरी... पाच दिवस, चौदा ठिकाणं! रोग तोच, फक्त जिल्हा बदलला.

दिवाळीत घरी गेलो तेव्हा बाबांना लॅपटॉपवर दाखवली. त्यांनी चष्मा लावून पूर्ण वाचली. आणि म्हणाले, "ह्याच्यात पाणी प्याचा टाइम कुठी हाय?"

इथे एक गोष्ट सांगायची राहिली. माझे बाबा एसटीत कंडक्टर होते. तीस वर्षांहून जास्त. ज्या माणसाने आयुष्यभर माणसं पोचवली, कोणत्या घाटात कोणाला मळमळतं, कोणत्या थांब्यावर बायका उतरायला बिचकतात, कोणत्या वेळी कोणता रस्ता तुंबतो हे ज्याला तोंडपाठ, त्याला मी ‘फिरवून आणत’ होतो. आमच्या घरातला प्रवासाचा सगळ्यात मोठा जाणकार माणूस कोण, हा प्रश्नच मला पडला नव्हता. प्रोजेक्टमध्ये आम्ही युजरला विचारल्याशिवाय एक स्क्रीन बनवत नाही. (बरं, बनवतो. पण नंतर शिव्या खातो.) आणि आई-बाबांच्या सहलीची रिक्वायरमेंट मी कोणाकडून घेतली? रिव्ह्यू लिहिणाऱ्या अनोळखी लोकांकडून.

बाबांनी लाल पेन मागितलं. लॅपटॉपला लाल पेन चालत नाही म्हटल्यावर माझ्या भाच्याच्या वहीचं पान फाडलं. त्यांनी जे सांगितलं ते जसंच्या तसं देतो, फक्त वऱ्हाडी कमी करून.

दिवसाला एकच जागा. दुसरी जमली तर वरकड, नाही जमली तर कोणी तोंड पाडायचं नाही. नव्या गावात अंधार पडायच्या आत पोचायचं. दर दोन तासांनी थांबायचं, आणि थांबा म्हणजे चहाची टपरी नाही, जिथे आईची सोय होईल ती जागा. जेवून निघायचं, भूक लागल्यावर शोधत बसायचं नाही. परतीचा शेवटचा दिवस मोकळा ठेवायचा. आणि शेवटचं: "तुह्या माईले इचार, तिले काय पाहाचं हाय."

विचारलं मग. आई कापसाच्या हिशोबात होती. आमची थोडी शेती आहे आणि दिवाळी म्हणजे वेचणीचे दिवस, बाया सांगून ठेवलेल्या. तिला सलग पाच दिवस घर सोडणं शक्यच नव्हतं, हेही माझ्या शीटमध्ये नव्हतं. थोडा वेळ गप्प बसली. मग हाताने उत्तरेकडे दाखवून म्हणाली, "थो किल्ला. रोज गच्चीवरून डोंगर दिसते. तठी गेलीच नाई कधी."

नरनाळा. आमच्या घरून तास-दीड तासाच्या अंतरावर. आई लग्न होऊन हिवरखेडला आली त्याला पस्तीस वर्षं झाली. या पस्तीस वर्षांत ती लग्नांना गेली, मयतींना गेली, बाळंतपणांना गेली, शेगावला गजानन महाराजांच्या दर्शनाला तर किती वेळा गेली त्याला गणतीच नाही. वारीच्या हनुमानालाही जाते. म्हणजे बाहेर पडत नाही असं नाही. पण प्रत्येक वेळी काहीतरी कारण लागतं. नुसतं पाहायला जाणं हे आमच्याकडे बाईसाठी कारण नाही. ‘पाहाले जातो’ म्हटलं की लोक विचारतात, कोणाची तब्येत पाहायला?

आणि मी तिला शनिशिंगणापूर दाखवत होतो.

तर मंडळी, शेवटी झालं ते असं. पाच दिवसांच्या चौदा ठिकाणांची झाली तीन दिवसांची दोन ठिकाणं. एक दिवस नरनाळा, घरून जाऊन घरी परत. मधले दोन दिवस वेचणीचे. मग एक रात्र चिखलदरा, तेही बाबांच्या आवडत्या रस्त्याने. लोणार गळलं. मला फार वाईट वाटलं, कारण लोणार म्हणजे बेसाल्टमध्ये उल्का आदळून झालेलं विवर, १.८ किलोमीटरच्या आसपास व्यास, २०२० साली पाणी गुलाबी झालं होतं आणि त्याच वर्षी रामसर यादीत नाव गेलं. बाबा म्हणाले, "इतके हजार वर्ष थांबलं, अजून एक वर्ष थांबन."

नरनाळ्याला शहानूरच्या गेटवर वनखात्याची नोंद करून वर जावं लागतं, कारण हे सगळं मेळघाटच्या जंगलात येतं. १९७३ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हाच्या पहिल्या नऊ जंगलांपैकी हे एक. गाडी वरपर्यंत जाते, त्यामुळे बाबांच्या गुडघ्यांचा प्रश्न आला नाही. वर महाकाली दरवाजा आहे. १४८७ सालचा, बहमनी काळातला. दगडात कमळं, जाळ्या, झरोके, वर कोरलेला लेख. ज्याने तो बांधवला त्या फतहुल्ला इमाद-उल-मुल्कनेच पुढे वऱ्हाडाची वेगळी सत्ता उभी केली, एलिचपूरची म्हणजे आजच्या अचलपूरची इमादशाही. १५७४ मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीने ती गिळली. एवढं मी वाचून गेलो होतो आणि आईला सांगायला सुरुवात केली. तिने ऐकलं, आणि मग दरवाजाच्या सावलीत बसून राहिली. दीड तास! माझी नजर सवयीने दोनदा घड्याळाकडे गेली. बाबांनी पाहिलं, काही बोलले नाहीत.

मग ती बुरुजाकडे गेली आणि खाली सपाटीकडे बघत आपलं गाव शोधायला लागली. धुरकट होतं, काही दिसेना. "तिकून हे दिसते, इकून थे काऊन नाई दिसत?" म्हणाली. मी म्हटलं, परत येऊ, हिवाळ्यात स्वच्छ दिसेल. तर लगेच, "कधी?" आमच्या घरात आईने पहिल्यांदा सहलीची तारीख विचारली.

चिखलदऱ्याच्या वाटेवर बाबाच गाइड होते. अकोटच्या पुढे रेल्वेची जुनी गोष्ट निघाली. अकोला-खंडवा ही मीटरगेज, आमच्या हिवरखेडला स्टेशन होतं. धुळघाटाजवळ रूळ स्वतःलाच वरून ओलांडायचे, चारच्या आकड्यासारखे. लहानपणी मी ते पाहायला खिडकीत डोकं घालून बसायचो. २०१७ च्या सुरुवातीला ती गाडी ब्रॉडगेजसाठी बंद झाली. अकोट-अकोला २०२२ मध्ये सुरू झालं, आणि पुढचा मार्ग मेळघाटातून की बाहेरून यावर वर्षानुवर्षं वाद चालला. जंगल वाचलंच पाहिजे, त्यात दुमत नाही. पण एक गाव रुळांवरून पुसलं गेलं की ते शहरातल्या माणसाच्या शीटमधूनही पुसलं जातं, हेही तितकंच खरं. अडगाव आलं तेव्हा मी गाडी थांबवली आणि १८०३ सांगितलं. बाबा शांतपणे रानाकडे बघत म्हणाले, "इथून मी कमीत कमी दहा हजार खेपा केल्या असतीन. कोणी सांगतलंच नाई." मग गाडीतून उतरून बांधावर जाऊन उभे राहिले. कपाशी फुटलेली होती. वॉटर्लूला सिंह आहे, इथे कपाशी. माझ्या अंगावर शहारे मात्र तेच आले.

आता आक्षेपांकडे वळतो, नाहीतर प्रतिसादांत तुम्ही माझी पिसं काढाल.

पहिला आक्षेप: तिकडे सोयी नाहीत. शंभर टक्के मान्य. वऱ्हाडात अनेक ठिकाणी बायकांसाठी स्वच्छ संडास शोधणं हाच दिवसातला सगळ्यात अवघड ट्रेक असतो. माझी आई अशा दिवशी सकाळपासून पाणी पीत नाही. तुमचीही पीत नसेल, विचारून बघा. पण हे कारण तिकडे न जाण्याचं नाही, तिकडे जाऊन बोंब मारण्याचं आहे. जून २०२२ मध्ये आमच्या अमरावती-अकोला रस्त्यावर लोणी ते माना ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत करून गिनीजचा विक्रम झाला. ७५ किलोमीटर रस्ता चार-साडेचार दिवसांत होतो, तर एका किल्ल्याच्या पायथ्याशी पाणी असलेले दोन संडास बांधायला नक्की किती तास लागतात? समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, जून २०२५ मध्ये शेवटचा टप्पाही खुला झाला. आनंद आहे. पण त्यावरून सुसाट जाणाऱ्यांतले किती जण मेहकरला उतरून लोणारला वळतात? वऱ्हाड पाहण्याऐवजी वऱ्हाड ओलांडण्याचा वेग वाढला, असं होऊ नये एवढंच म्हणणं आहे.

दुसरा आक्षेप: सुट्टीच मिळत नाही, म्हणून घाई. हे गणितच उलटं आहे राव. वेळ कमी असेल तर ठिकाणं कमी हवीत. मेमरी कमी आहे म्हणून आपण जास्त प्रोग्राम उघडतो का? एलटीए वसूल करायला म्हणून लांब जाणारे महाभाग तर मी जवळून पाहिलेत. ती सवलत जुन्या करपद्धतीत, चार वर्षांत दोन प्रवासांना, आणि फक्त भाड्यापुरती असते. आई-वडील तुमच्यावर अवलंबून असतील तरच त्यांचं भाडं त्यात धरतात. तेवढ्यासाठी त्यांचे गुडघे मोडू नका. आणि भाड्याचंच म्हणाल तर एसटीत बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, पंच्याहत्तरीपुढच्यांना २०२२ पासून फुकट, आणि ‘आवडेल तेथे प्रवास’चा पास तर आपण जन्मायच्या आधीपासून आहे. आपल्याला ते माहीत नसतं कारण त्याचं अॅप आपल्या मोबाईलच्या पहिल्या पानावर नाही.

तिसरा आक्षेप जरा खरा आहे: आई-बाबांनाच राजस्थान-केरळ हवं असतं, चार लोकांत सांगता येतं. हो, असतं. माझ्याही बाबांना विमानात बसायचंय आणि मी त्यांना बसवणार आहे. जिथे न्यायचं तिथे न्या की. माझं भांडण राजस्थानशी नाहीच. माझं भांडण त्या अकरा या आकड्याशी आहे. जैसलमेरला तीन दिवस निवांत राहणारा माणूस माझ्या पक्षातला, आणि दोन दिवसांत चिखलदरा-लोणार-शेगाव-सिंदखेडराजा ‘मारणारा’ वऱ्हाडी समोरच्या.

आणि हो, युनेस्कोची यादी पाहिलीत? महाराष्ट्राची नावं आता बरीच आहेत. १९८३ पासून अजिंठा-वेरूळ, आणि २०२५ मध्ये मराठ्यांचे किल्ले, त्यातले ११ आपल्या राज्यातले. फार मोठा दिवस होता तो. त्यांत वऱ्हाडातला एकही नाही. यावरून गळा काढायचा माझा विचार नाही, त्या यादीचे निकष वेगळे आहेत. पण आपण आई-बापांच्या सहलीसाठी ती यादी का वापरतो? तुमच्या आईच्या गच्चीवरून कोणता डोंगर दिसतो, हे युनेस्कोला कसं कळणार?

तेव्हा विनंती एवढीच. पुढची सुट्टी ठरवताना शीट उघडायच्या आधी फोन उचला. तीन प्रश्न विचारा. तुम्हाला कुठे जायचंय? कुठे जायचं राहून गेलंय? आणि काय जमणार नाही? पहिल्याला ‘तू म्हणशील तिथे’ हेच उत्तर येईल. तिथे थांबू नका, खरं उत्तर दुसऱ्या प्रश्नाला येतं. आणि कधीकधी ते घरापासून तासाभराच्या अंतरावर असतं, आणि तिथे पोचायला पस्तीस वर्षं लागलेली असतात.

असो. फार झालं. चहा परत गरम करावा लागणार.

ता. क. : आई परवा फोनवर विचारत होती, हिवाळ्यातली तारीख ठरली का. कापूस संपला की जायचं म्हणते. या वेळी शेजारच्या दोघी काकूंनाही न्यायचंय. ‘पाहाले’ चाललो, असं तिने त्यांना सांगूनसुद्धा टाकलंय. मी म्हटलं, मग गाडी मोठी लागेल. तर बाबा मागून ओरडले, "गाडी कायले? एसटीनं जाऊ अकोटलोक. तिघींलेबी हाफ तिकीट हाय!"